पोटातलं पोट

कोंबडी खुडूक बसली की तिच्या डोळ्यांत एक वेगळंच स्थैर्य येतं. पिसं फुलवून, अंग जमिनीला टेकवून ती अंड्यांवर बसते ती एकवीस दिवस. दाण्यापाण्यापुरती उठते आणि लगबगीने परत येते. कोणी हात पुढे केला तर घशातून खोल, घोगरा आवाज काढते. मधूनच चोचीने एकेक अंडं हलकेच फिरवते आणि पुन्हा डोळे मिटते. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच चाललेलं दिसत नाही. कवचाच्या आत मात्र बलकावर पसरलेल्या एका फिकट चकतीत सगळं चाललेलं असतं. दुसऱ्या दिवशी हृदय हलू लागतं. तिसऱ्या दिवशी बलकावर रक्तवाहिन्यांचं लाल जाळं पसरलेलं दिसतं. त्याच सुमारास, हृदयाच्या खालच्या अंगाला, एक सपाट पापुद्रा कडांनी वळू लागलेला असतो. त्या वळण्यातून आतडं होणार असतं.

हृदयाचं ते पहिलं हलणं ॲरिस्टॉटलपासून सगळ्यांनी पाहिलं, त्यावर लिहिलं. पापुद्र्याचं वळणं पाहायला मात्र अठरावं शतक उजाडावं लागलं. पाहणाऱ्याचं नाव कास्पार फ्रीडरिश वोल्फ. बर्लिनमध्ये जन्मलेला आणि पुढे रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीत गेलेला हा माणूस. त्या काळातल्या बहुतेक विद्वानांची समजूत अशी, की अंड्यात पिल्लू आधीपासूनच पूर्ण असतं. सूक्ष्म असतं, घडी घातल्यासारखं असतं, पण असतं. उबेने ते फक्त मोठं होतं. आल्ब्रेख्ट फॉन हालरसारखा युरोपभर नावाजलेला शरीरशास्त्रज्ञही याच मताचा होता. वोल्फने वेगवेगळ्या वेळी उबवलेली अंडी एकामागून एक उघडली आणि आतड्याच्या जागी काय दिसतं ते पाहत राहिला. सुरुवातीला तिथे नळी नव्हतीच, होता तो सपाट थर. पुढच्या अंड्यात त्या थराच्या कडा उचललेल्या होत्या, त्याच्या पुढच्यात त्या एकमेकींकडे झुकल्या होत्या आणि आणखी पुढे गेल्यावर जुळल्या होत्या. जे नव्हतंच ते त्याच्या डोळ्यांदेखत होत होतं. १७६८-६९ च्या सुमारास पीटर्सबर्ग अकादमीच्या नियतकालिकातून त्याने हे लॅटिनमध्ये सविस्तर प्रसिद्ध केलं. ते वाचणारे थोडेच निघाले. पुढे हाले इथल्या योहान फ्रीडरिश मेकेल या शरीरशास्त्रज्ञाने १८१२ साली त्याचं जर्मन भाषांतर केलं, तेव्हा कुठे त्याची थोरवी लोकांच्या ध्यानात आली.

मला हा शोध फार मोठा वाटतो, आणि त्याच्या वाट्याला आली त्याहून कितीतरी जास्त कृतज्ञता त्याला मिळायला हवी होती असंही वाटतं. आपल्यातलं काहीच तयार आलेलं नाही, हे त्याने दाखवलं. प्रत्येक नळी, प्रत्येक पोकळी, प्रत्येक वळण हे कधीतरी, एका ठराविक दिवशी, शेजारच्या पेशींना धरून घडलेलं आहे. आणि जे घडतं तेच बिघडू शकतं. तयार वस्तू नुसती मोठी होत असती तर तिच्यात चूक कुठून शिरली असती? मी आज ज्या गाठींविषयी लिहिणार आहे त्या याच घडण्याच्या पोटी जन्मतात. आतड्याच्या जन्मजात गाठी आहेत त्या. दुर्मीळ आहेत. पण त्यांच्याकडे नीट पाहिलं, तर ज्या हातांनी आपलं आतडं घडवलं त्या हातांची बोटं तिथे उमटलेली दिसतात.

आधी आतड्याची गोष्ट पुरी करतो, कारण तिच्याशिवाय गाठीची गोष्ट कळत नाही.

गर्भधारणेनंतरच्या तिसऱ्या आठवड्यात माणसाचा भ्रूण तीन थरांची एक चकती असतो. सगळ्यांत आतला थर पुढे आतड्याचं अस्तर होणार असतो. त्याच्या वर, चकतीच्या बरोबर मधोमध, पेशींची एक बारीक दांडी तयार होते. ती पृष्ठरज्जू. पुढे तिच्याभोवती पाठीचा कणा उभा राहतो. काही काळ ही दांडी आणि आतला थर एकमेकांना अगदी चिकटून असतात आणि मग अलग होतात. चौथ्या आठवड्यात चकती चहूबाजूंनी वळते. डोक्याकडून, शेपटाकडून, दोन्ही कुशींकडून. वोल्फने कोंबडीत पाहिलं तेच इथेही होतं. सपाट थराची नळी होते. तिची दोन्ही टोकं मिटलेली आणि मध्य अजून बलकपिशवीकडे उघडा. या आठवड्याच्या शेवटी अख्खा भ्रूण जेमतेम ४-५ मिलिमीटर लांब असतो.

सहाव्या आठवड्यात नळी इतक्या वेगाने वाढू लागते की तिला पोटात जागा पुरत नाही. यकृतानेच बहुतेक पोट व्यापलेलं असतं. मग आतडं बाहेर पडतं. शब्दशः बाहेर, नाळेच्या मुळाशी असलेल्या पोकळीत. आपण प्रत्येकजण जवळजवळ चार आठवडे आपलं आतडं पोटाबाहेर ठेवून जगलो आहोत. तिथे ते आपल्या मुख्य रक्तवाहिनीभोवती फिरतं, वेटोळी धरतं आणि दहाव्या आठवड्यात आत परततं. जाताना आणि येताना मिळून ते घड्याळाच्या काट्यांच्या उलट्या दिशेने २७० अंश फिरलेलं असतं. अपेंडिक्स दुखायला लागलं की उजवीकडे खाली दुखतं ते त्या फिरण्यामुळेच. इतक्या जुन्या प्रवासाची खूण डॉक्टर बोटाने दाबून शोधतात.

वेटोळ्यांचं गूढ तर अगदी अलीकडे उलगडलं. आतडं मोकळं लोंबत नसतं. एका पातळ पडद्याने ते पोटाच्या मागच्या भिंतीशी जोडलेलं असतं, आणि त्याच पडद्यातून त्याला रक्त मिळतं. हार्वर्डमध्ये क्लिफर्ड टॅबिन आणि एल. महादेवन यांच्या गटाने कोंबडीच्या भ्रूणातलं आतडं या पडद्यापासून हळूच सोडवलं. सोडवल्याबरोबर ते सरळ झालं. मग त्यांनी रबराचा ताणलेला पडदा एका रबरी नळीला शिवला आणि ताण सोडून दिला. नळीला आपोआप वळणं पडली, आणि ती वळणं भ्रूणातल्या वळणांशी मापाने जुळली. २०११ साली हे प्रसिद्ध झालं. परकराला झालर लावताना लांब पट्टी आखूड कापडाला जोडली की चुण्या पडतात, तेच इथे होतं: नळी वेगाने वाढते, पडदा सावकाश, आणि या दोघांच्या ओढीतून वळणं पडत जातात. प्रत्येक वळण कुणी स्वतंत्रपणे आखून ठेवलेलं नसतं. जन्मलेल्या बाळाचं सुमारे अडीच मीटर लहान आतडं अशा रीतीने त्याच्या ओंजळभर पोटात मावलेलं असतं.

याच आठवड्यांत मानेच्या बाजूने निघालेल्या चेतापेशी नळीच्या भिंतीत शिरतात आणि पेशी-पेशीने खाली सरकत शेवटच्या टोकापर्यंत पोचतात. आतड्याला पुढे आयुष्यभर लाटेसारखं हलायला शिकवणाऱ्या याच पेशी.

आता गाठ.

एखाद्या गर्भात या सगळ्या धांदलीत आतड्याच्या थराचा एक लहानसा अंश मुख्य नळीत सामील होत नाही. तो बाजूला राहतो. पण राहतो म्हणून थांबत नाही. आतडं व्हायचं हे त्याला ठाऊक असतं आणि तो आतडं होतो. नळीला लागूनच, जिथून पडदा आणि रक्तवाहिन्या येतात त्या बाजूला, त्याची एक बंद पिशवी तयार होते. जुन्या शवविच्छेदनांच्या नोंदींवरून अंदाज आहे की साधारण साडेचार हजार बाळांत एखाद्यात अशी गाठ असते. बहुतेक गोल असतात, काही नळीसारख्या लांबट. तोंडापासून गुदद्वारापर्यंत त्या कुठेही सापडतात. जिभेच्या बुडाशी सापडल्या आहेत, छातीत अन्ननलिकेच्या शेजारी सापडल्या आहेत. सगळ्यांत जास्त सापडतात त्या लहान आतड्याच्या शेवटच्या भागात.

‘गाठ’ म्हटलं की आपल्या मनात काहीतरी परकं, वाईट, शरीराविरुद्ध उठलेलं येतं. या गाठीत तसं काही नाही. तिची भिंत कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तर दिसतं ते आतडंच. बाहेर गुळगुळीत स्नायूंचे थर, त्यात चेतापेशींचे पुंजके, आणि आत अस्तर. त्या अस्तरावर कित्येकदा अन्नरस शोषणाऱ्या बोटांसारख्या सूक्ष्म घड्या, गुलाबी-जांभळ्या रंगात, एकापुढे एक, नीट उभ्या. मी असा फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा बराच वेळ त्यावरून नजर हलवता आली नाही. त्या घड्यांनी दुधाचा एक थेंब कधी पाहिलेला नसतो. त्यांच्यापर्यंत अन्न येण्याची वाटच नसते. तरी त्या आल्या, रांगेत उभ्या राहिल्या, चिकट द्रव सोडत राहिल्या. मागे कुणी पाहणारं नसताना, उपयोगाची काही आशा नसताना, ठरलेलं काम इतक्या निगुतीने करत राहणं मी सृष्टीत फार थोड्या ठिकाणी पाहिलं आहे.

सोनोग्राफीच्या पडद्यावर ती दिसते ती एक काळा, स्वच्छ गोळा म्हणून. आत पाणी असल्यामुळे काळा. त्याच्या कडेला मात्र दोन रेषा असतात, आतली उजळ आणि बाहेरची गडद. उजळ रेषा अस्तराची, गडद स्नायूंची. तपासणारे डॉक्टर याला ‘गट सिग्नेचर’ म्हणतात, आतड्याची सही. ही दुहेरी रेषा दिसली की ते ओळखतात, ही साधी पाण्याची गाठ नव्हे, हे आतड्याचं आहे. आणि कधीकधी, डॉक्टरांनी हात स्थिर धरून थोडा वेळ वाट पाहिली तर, ती भिंत हलते. एका बाजूने आकुंचन सुरू होतं आणि पुढे सरकत जातं. जेवण पुढे ढकलणारी तीच लाट. गाठीत ढकलायला जेवण नसतं आणि पुढे जायला वाट नसते. तरी लाट येते, जाते, पुन्हा येते.

आणि याहून विलक्षण म्हणजे, साधारण पाव ते एक तृतीयांश गाठींत आतलं अस्तर आतड्याचं नसतं, जठराचं असतं. आतडं जिथे आहे तिथे, कधी तर थेट छातीत, जठराचा एक तुकडा. पोटातलं पोट. तो जठराचं काम करू लागतो: आम्ल स्रवतो, पाचक रस स्रवतो. खऱ्या जठराला त्या आम्लापासून स्वतःला वाचवण्याची व्यवस्था असते. शेजारच्या आतड्याच्या भिंतीला ती नसते. मग तिथे व्रण पडतो, रक्तवाहिनी उघडी पडते, आणि तान्ह्या बाळाच्या शौचात रक्त दिसतं. अशी शंका आली की डॉक्टर टेक्नेशियम नावाच्या किरणोत्सर्गी द्रव्याचा अगदी अल्प अंश शिरेतून देतात. जठराचं अस्तर, जिथे कुठे असेल तिथे, ते द्रव्य उचलून धरतं. तपासणीच्या चित्रात वर डावीकडे जठर उजळतं, आणि खाली कुठेतरी आणखी एक लहान ठिपका उजळतो. तो दुसरा ठिपका आपण काय आहोत हे स्वतःच सांगत असतो.

हे असं का होतं?

याला एकच उत्तर मिळालेलं नाही, आणि ते न मिळणं मला स्वाभाविक वाटतं, कारण आतडं अनेक पायऱ्यांनी घडतं आणि प्रत्येक पायरीवर काहीतरी निसटू शकतं. एक उत्तर तिसऱ्या आठवड्यातलं. पृष्ठरज्जू आणि आतला थर एकमेकांपासून अलग व्हायच्या वेळी कुठेतरी थोडासा चिकटून राहिला, तर पृष्ठरज्जू त्या जागी दुभंगते, आणि आतड्याच्या थराचा एक धागा मागे, कण्याच्या दिशेने, ओढला जातो. बेंटली आणि स्मिथ यांनी १९६० साली ही उपपत्ती मांडली. छातीतल्या काही गाठींच्या मागचे मणके अर्धवट किंवा चिरलेले का असतात, ते या उपपत्तीने लख्ख कळतं. त्या बाळाच्या क्ष-किरण चित्रात मणक्यांची ती फट दिसते, तेव्हा आपण तिसऱ्या आठवड्यातला एक दिवस पाहत असतो.

दुसरं उत्तर याहून साधं आणि मला जास्त हलवणारं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लुइस आणि थिंग या दोघांनी डुकराचे, सशाचे आणि माणसाचे भ्रूण कापून पाहिले, आणि त्यांना आतड्याच्या भिंतीवर ठिकठिकाणी बारीक कोंब फुटलेले दिसले. आजारी भ्रूणांत नव्हे, चांगल्या, निरोगी भ्रूणांत. हे कोंब येतात आणि विरून जातात. म्हणजे तुमच्या-माझ्या आतड्यावरही ते आले असतील आणि गेले असतील. एखादा गेला नाही, मागे राहिला आणि तुटून बंद झाला, तर गाठ. १९४४ साली ब्रेमर यांनी आणखी एक शक्यता मांडली. सुरुवातीच्या आठवड्यांत काही ठिकाणी नळी पेशींनी भरून घट्ट होते आणि मग तिच्यात पुन्हा पोकळी पडते. ती पोकळी पडताना एकाऐवजी दोन वाटा पडल्या, तर एक वाट आतडं होते आणि दुसरी गाठ. काहीजण नंतरच्या काळातला, रक्तपुरवठा तुटून आतड्याचा तुकडा अलग पडण्याचा अपघातही मानतात. त्याला आधार केप टाउनमध्ये १९५५ साली झालेल्या प्रयोगांचा: लाऊ आणि ख्रिश्चन बार्नार्ड यांनी न जन्मलेल्या कुत्र्याच्या पिल्लांच्या आतड्याचा रक्तपुरवठा एका जागी बांधला, तर तेवढा भाग सुकून नाहीसा झाला. हाच बार्नार्ड पुढे हृदयरोपणाने जगाला माहीत झाला. आतड्याच्या अभ्यासातलं त्याचं हे काम मला त्याच्या कीर्तीहून कमी मोलाचं वाटत नाही.

इथे पुन्हा कोंबडीकडे यावंसं वाटतं. अंड्यातल्या पिल्लाचं आतडं एका देठाने बलकाशी जोडलेलं असतं. बाहेर येण्याच्या एक-दोन दिवस आधी उरलेला बलक बेंबीवाटे पोटात ओढून घेऊन पिल्लू पहिले दिवस त्यावर जगतं. देठ पुढे आटतो, पण त्याचा एक बारीक कोंब कोंबडीच्या आतड्यावर जन्मभर राहतो. कोंबडी साफ करणाऱ्यांनी तो पाहिलेला असतो. माणसात हाच देठ पहिल्या दोन महिन्यांत नाहीसा व्हायचा असतो. शंभरात सुमारे दोघांत तो नाहीसा होत नाही आणि आतड्यावर एक लहान पिशवी मागे राहते. तिचा उगम मेकेलने १८०९ साली ओळखला, आणि तिला त्याचंच नाव मिळालं; वोल्फचं भाषांतर करणारा तो हाच मेकेल. पक्ष्यात जे नेहमीचं, ते माणसात वैगुण्य. व्यंग म्हणून आपण ज्यावर बोट ठेवतो ते कुठल्यातरी दुसऱ्या जिवाच्या घरी रोजचं असतं, हे कळल्यापासून वैगुण्य हा शब्द माझ्या तोंडून सहज निघत नाही.

पण वंदनीय आहे म्हणून ती गाठ ठेवावी असं मात्र नाही. तिला दार नाही, आणि आत द्रव साठतच राहतो. ताण वाढतो, गाठ फुगते, शेजारचं आतडं दाबलं जातं. कधी तिच्या वजनाने आतड्याला पीळ पडतो, कधी ती पुढे सरकते आणि आतड्यात आतडं शिरतं. छातीत असली तर बाळाला श्वास घेता येत नाही. बहुतेकींचा पत्ता बाळ दोन वर्षांचं होण्याच्या आतच लागतो. आता तर कितीतरी पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीतच दिसतात.

काल्डर या वैद्याने १७३३ साली अशा गाठीचं वर्णन लिहिलं, ते आजवरच्या वर्णनांतलं पहिलं मानतात. नंतरच्या दोनशे वर्षांत ज्याला जशी दिसली तसं त्याने नाव दिलं. बोस्टनच्या मुलांच्या इस्पितळातले सर्जन विल्यम लॅड यांनी १९३७ साली हा पसारा आवरला आणि तीन खुणा सांगितल्या: गाठ पचनमार्गाला लागून असली पाहिजे, तिच्याभोवती स्नायूंचा थर पाहिजे, आणि आतलं अस्तर पचनमार्गातलं कुठलं तरी असलं पाहिजे. आजही सर्जन याच तीन खुणा तपासतात. लॅड यांनी आयुष्य वेचलं ते अशाच बाळांसाठी, ज्यांच्यावर शस्त्रक्रिया करायला त्या काळात फारसं कोणी धजत नव्हतं.

शस्त्रक्रियेची अवघड जागा ही की गाठ आणि आतडं यांची भिंत बहुधा सामाईक असते, रक्तवाहिन्याही सामाईक. गाठ सोलून काढावी तर आतड्याचं रक्त तुटतं. म्हणून सर्जन गाठीबरोबर तिच्या शेजारचं थोडंसं चांगलं आतडंही कापतात आणि उरलेली दोन टोकं जोडतात. लांबलचक नळीसारखी गाठ असेल तर इतकं आतडं कापणं परवडत नाही. मग ती उघडून तिचं आतलं अस्तर तेवढं सोलून घेतात आणि स्नायूंची भिंत तिथेच राहू देतात. टाके घालताना वापरलेला धागा फार बारीक असतो. काही दिवसांनी जोडलेल्या जागेवरून लाट पुढे सरकू लागते, आणि बाळ दूध मागतं. गाठ पूर्ण निघाली की बहुतेक मुलं चांगली वाढतात. पोटावर एक पुसट रेघ राहते, तीही पुढे कुणाच्या लक्षात येत नाही.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकाच्या पहिल्याच समासात गर्भवासाचं वर्णन केलं आहे. अंगावर काटा यावा असं आहे ते: कोंडलेपण, घाण, उकाडा, जीव गुदमरणं. माणसाला वैराग्य यावं, जन्माचा मोह सुटावा म्हणून त्यांनी ते लिहिलं, आणि त्यामागची कळकळ मी जाणतो. तरीही गर्भाशयाचं नाव निघालं की माझ्या मनात नरकाचं चित्र उभं राहत नाही. गर्भोपनिषदाने एका रात्रीतला, सात रात्रींतला, पंधरवड्यातला, महिन्यातला गर्भ कसा असतो ते क्रमाने सांगितलं. त्या सांगण्यात घृणा नाही, पाहण्याची ओढ आहे. वोल्फने अंडं उघडलं ते त्याच ओढीने. आणि त्या काळोखात जे चालतं ते पाहिल्यावर मला हात जोडावेसे वाटतात. घडलेल्या आतड्यापुढेही आणि वाट चुकलेल्या त्या पिशवीपुढेही.

वोल्फ ज्या पीटर्सबर्गमध्ये काम करत होता तिथे पीटर द ग्रेटने उभारलेलं एक संग्रहालय होतं, कुन्स्टकामेर. व्यंग घेऊन जन्मलेली, न जगलेली बाळं आणि प्राणी तिथे जपून ठेवले होते, आणि वोल्फने आयुष्याची पुढची वर्षं त्यांच्या अभ्यासात घालवली. पीटरने १७१८ साली फर्मान काढून असे देह संग्रहालयात आणून द्यायला सांगितलं होतं. फर्मानात त्याने बजावलं होतं की हे सैतानाचं काम नव्हे, सर्वांचा निर्माता एकच आहे. मोठं वाक्य होतं ते. पण त्याच फर्मानात पुढे कारण दिलं होतं: आतली इजा, आणि गरोदरपणातली आईची भीती नि तिच्या मनातल्या कल्पना. सैतानाला सोडलं आणि आईला धरलं.

आईला आपणही सोडलेलं नाही. बाळात काही निघालं की अजून घराघरांत प्रश्न सुरू होतात. ग्रहणात विळी हातात धरलीस का? भाजी चिरलीस का? सुईत दोरा ओवलास का? पपई खाल्लीस का? तिन्हीसांजेला कुठे गेली होतीस? विचारणाऱ्या बहुतेक बायकाच असतात, आणि त्यांनाही कधीतरी कुणीतरी असंच विचारलेलं असतं. उत्तर द्यायची पाळी आलेली ती पोर रात्री झोपत नाही. नऊ महिन्यांतला एकेक दिवस आठवून पाहते, आणि मुकाट्याने कुठलीतरी एक चूक स्वतःच्या माथी घेते.

तिला कुणीतरी तारखा सांगायला हव्यात. पृष्ठरज्जू आणि आतड्याचा थर एकमेकांपासून अलग होतात तो आठवडा म्हणजे पाळी चुकल्यानंतरचा पहिला आठवडा. सपाट थराची नळी होते तो त्याच्या पुढचा. पाळी आठवडाभर पुढे गेली तर कितीतरी बायका धावपळीला, उन्हाला, कामाच्या ताणाला दोष देतात. घरात कुणाला सांगितलेलं नसतं. तिला स्वतःलाच पुरतं माहीत नसतं. आणि आतडं वळत असतं.

तुमच्या घरातल्या किंवा शेजारच्या तान्ह्याला हिरवी उलटी झाली, शौचात रक्त दिसलं, न्हाऊ घालताना पोटात हाताला काही लागलं, तर वाट पाहू नका, उतारे काढू नका. लहान मुलांच्या सर्जनकडे त्याच दिवशी न्या. आणि बाळाच्या आईला काहीएक विचारू नका. वाटेत तिच्या हातातली पिशवी घ्या, तिला पाणी द्या, आणि पाळी चुकल्यानंतरच्या त्या पहिल्या दोन आठवड्यांविषयी तिला सांगा.